आधी कच्चा टाका!

दोस्तांनो, तुमच्या घरी आई किंवा आजी शिवणकाम करते का? करत असेल तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. बाही मशीनखाली घालण्याआधी ती हाताने लांब लांब कच्चे टाके घालते. बाही उलटी लागली असेल, तर तो दोरा सर्रकन ओढून काढता येतो. मशीनची पक्की शिलाई मात्र उसवत बसावी लागते आणि कापडही खराब होतं. सोल्डरिंगमध्येही असा एक कच्चा टाका असतो, बरं का! तो न घातल्यामुळे माझी कशी फजिती झाली, ते आधी ऐका.

अंतर मोजणारं एक किट मी जोडत होतो. त्यातल्या सेन्सरला चार वायरी असतात: एका टोकाला प्लस, दुसऱ्या टोकाला ग्राउंड आणि मध्ये दोन संदेशाच्या. त्यासाठी बोर्डवर चार पिनांचा रिलिमेट कनेक्टर बसवायचा होता. मी तो घातला, बोर्ड उलटा केला आणि चारही पिना झटपट सोल्डर करून टाकल्या. टाके कसे चकचकीत! मग बोर्ड सरळ केला आणि कपाळावर हात मारला. कनेक्टर उलटा बसला होता. म्हणजे प्लसच्या जागी ग्राउंड आणि ग्राउंडच्या जागी प्लस! बॅटरी लावली असती तर सेन्सर जळण्याचीच भीती. कनेक्टर काढायला गेलो, तर चार टाके एकदम वितळेनात. एक वितळवावा, तोवर दुसरा घट्ट. शेवटी जोर लावला आणि बोर्डवरचा तांब्याचा पॅडच उखडून आला.

असं तुमचं होऊ नये म्हणून आता नीट लक्ष द्या.

कनेक्टर बसवायचा तो सगळ्यात शेवटी. आधी रेझिस्टरसारखे बुटके भाग लावून घ्यायचे. उंच कनेक्टर आधी लावला, तर उलटा केलेला बोर्ड डुगडुगत राहतो. बोर्डवर पांढऱ्या रंगात कनेक्टरचं चित्र छापलेलं असतं. रिलिमेटच्या एका बाजूला प्लॅस्टिकची उंच भिंत असते. ती चित्रातल्या खुणेशी जुळवा आणि कनेक्टर चिकटपट्टीने बोर्डला पक्का करा.

आता बोर्ड उलटा करा आणि कडेची एकच पिन सोल्डर करा. हाच आपला कच्चा टाका! ही पिन ग्राउंडची नको. ग्राउंडला तांब्याचा मोठा पत्रा जोडलेला असतो. तो उष्णता ओढून घेतो आणि टाका लवकर बसत नाही.

एक टाका झाला की थांबा. बोर्ड सरळ करून तीन गोष्टी पाहा. भिंत योग्य बाजूला आहे ना? कनेक्टर बोर्डला टेकलाय ना? ताठ उभा आहे ना? काही चुकलं असेल तर तो एकच टाका वितळवा आणि कनेक्टर सरळ करा किंवा काढून घ्या. बोट मात्र प्लॅस्टिकवर ठेवा, पिनेवर नाही, नाहीतर चटका बसलाच म्हणून समजा! सगळं ठीक असेल, तर दुसऱ्या टोकाची पिन आणि मग मधल्या पिना पक्क्या करा.

टाका घालायचा कसा? आयर्नचं टोक पिन आणि पॅड या दोघांनाही एकदम टेकवा. एक-दोन सेकंदांनी सोल्डरची तार दुसऱ्या बाजूने लावा, आयर्नवर नव्हे. साधी कथील-शिशाची तार साधारण १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळते, बिनशिशाची २१७ अंशांच्या पुढे. तारेच्या पोटात राळ असते. कल्हईवाले भांड्यावर नवसागर टाकतात ना, तेच काम ही राळ करते. धातूवरचा गंज ती काढून टाकते, म्हणून सोल्डर पसरून चिकटतं. आधी तार काढा, मग आयर्न, आणि टाका थंड होईपर्यंत बोर्ड हलवू नका. टाका छोट्या शंकूसारखा दिसला तर शाब्बास! पॅडवर नुसता गोळा बसला असेल, तर पॅड तापलाच नव्हता असं समजा. फार वेळही तापवू नका. प्लॅस्टिक मऊ पडतं आणि पिन कलते.

एवढी काळजी कनेक्टरचीच का? रेझिस्टर एकदा बसला की गप्प बसून राहतो. कनेक्टरची मात्र रोज ओढाताण. प्लग घाला, प्लग काढा, आणि हा सगळा जोर येतो त्या चार टाक्यांवर. कच्चा राहिलेला टाका आज चालेल आणि आठ दिवसांनी तडकेल. मग किट कधी चालणार, कधी बंद पडणार, आणि तुम्ही उगाच सेन्सरला दोष देत बसणार! म्हणून प्लग काढतानाही वायर ओढू नका, प्लॅस्टिक धरून काढा.

आणि हो, घरातलं मोठं माणूस जवळ असल्याशिवाय आयर्न तापवायचं नाही. खिडकी उघडी हवी आणि डोळ्यांवर चष्मा. आयर्न निसटलं तर पडू द्या, झेलू नका. तारेत शिसं असतं, म्हणून ती दातात धरायची नाही. काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावायचा नाही.

माझा तो उखडलेला पॅड? तिथे वायरचा एक तुकडा जोडून काम भागवलं. किट आजही चालतं. पण बोर्डवरची ती वाकडी वायर दिसली की मी लगेच आयर्न खाली ठेवतो आणि आधी कनेक्टर तपासतो!