बाल्या नाच, व्हाया मॉरिशस

गणपतीची बैठक तोंडावर आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संस्कृती उफाळून येते. या आठवड्यात ती मॉरिशसहून आली. एक व्हिडिओ: ढोलकी, झांजा आणि गोल धरून नाचणारे तिथले मराठी लोक. खाली जोडलेल्या हातांची रांग. ‘बघा, त्यांनी कसं जपलंय!’ असं लिहिणारे काका म्हणजे डीजेसाठी वर्गणी वाढवणारे तेच.

१८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर मॉरिशसला नेले. मुंबईहून गेलेल्या बोटींत कोकणातली माणसंही होती. त्यांच्याबरोबर गेलेली जाखडी, म्हणजेच आपला बाल्या नाच, तिकडे ‘झाकरी’ झाली. आज त्यांच्या घराघरांत क्रिओल बोलतात, गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते.

सुट्टी म्हटलं की मला आमचा लिफ्टमन आठवतो. हा गुहागरकडचा. गौरी-गणपतीत गावच्या नाचात असतो. पायात चाळ बांधून रात्र रात्र नाचतो. दर श्रावणात तो रजेचा अर्ज देतो आणि दर श्रावणात कमिटी विचारते, ऐन सणात लिफ्ट कोण बघणार? गेल्या वर्षी कोणीतरी ‘बाल्या नाचायला जायचंय वाटतं!’ म्हणून भर बैठकीत दोन उड्याही मारून दाखवल्या. सगळे हसले. तो अर्ज टेबलावर ठेवून गेला, तो थेट विसर्जनानंतरच उगवला. कोकणी माणूस नोकरी सोडेल, गणपती सोडणार नाही. त्यात रेल्वेचं तिकीट हाती असलं, तर त्याला अडवणं साक्षात गणपतीलाही जमायचं नाही.

हाच नाच समुद्रापलीकडून आला की वारसा, आणि लिफ्टमधून आला की खाडा!

मी त्याला तो व्हिडिओ दाखवला. पाणावलेल्या डोळ्यांची माझी अपेक्षा त्याने पुरी केली नाही. पायांकडे नीट बघून म्हणाला, “बरे नाचतात. पण हे शक्तीवाले की तुरेवाले?”

जाखडीत हे दोन पक्ष एकमेकांसमोर उभे ठाकतात, एवढंच मी ऐकून. यांचा पक्ष कुठला, मला काय माहीत!

“मग सामना कोणाशी लावायचा?”

परवा सांस्कृतिक समितीने त्याला पोरं घेऊन गणपतीत आपल्याच मांडवात नाचायला सांगितलं. मानधन म्हणून शाल-श्रीफळ. तो म्हणाला, “गणपतीत मी गावाला. नंतर मुंबईत आमचा सामना आहे, तिकडे या. तिकीट काढून.”