गाडी घेताना चालकाचे माप

केजसारख्या तालुक्याच्या गावी चारचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मालाच्या चौकशीसाठी लातूर, वसुलीसाठी अंबाजोगाई, कचेरीच्या कामासाठी बीड आणि वडीलधाऱ्यांच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर अशी व्यापारी कुटुंबाची धावपळ वर्षभर चालू असते. या सर्व फेऱ्यांत स्टिअरिंगवर बहुधा घरातील एकच माणूस असतो. तो सहा फुटांहून उंच असेल, तर जुनी गाडी बदलण्याचा प्रश्न केवळ किंमत, मायलेज आणि रंग पाहून सुटत नाही.

जुन्या लहान गाडीत अशा माणसाची काय अवस्था होते, हे अनेक घरांनी पाहिलेले असते. आसन शेवटपर्यंत मागे सरकवूनही गुडघा स्टिअरिंगला टेकतो आणि डोके छताला लागू नये म्हणून मान पुढे झुकते. तो तक्रार करीत नाही. कंबरदुखी मात्र कायमची जडते. नवी गाडी घेण्याची बैठक बसली, की वडील हप्त्यांचा हिशेब मांडतात, नातवंडे सनरूफचा हट्ट धरतात आणि रोज गाडी चालवणाऱ्याचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते.

हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. गुडघा अडत असेल, तर ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय नेण्यास क्षणभर उशीर होतो आणि रात्रीच्या रस्त्यावर अचानक बैलगाडी किंवा उसाची ट्रॉली समोर आली, तर तो क्षणच मोलाचा ठरतो. एअरबॅग वेगाने उघडते. म्हणून छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान 25 सेंटिमीटर अंतर असावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. डोक्यामागील टेकू मानेपर्यंतच पोहोचत असेल, तर मागून धडक बसल्यास मानेला इजा होण्याचा धोका वाढतो.

उंच माणसासाठी मोठीच गाडी हवी, हा समज मात्र खरा नाही. 1998 मध्ये ह्युंदाईची सँट्रो आणि 1999 च्या अखेरीस मारुतीची वॅगन आर भारतीय बाजारात आली. त्यांच्या उंच बांधणीला ‘टॉल बॉय’ हे नाव रूढ झाले. गाडीची लांबी कमी असली, तरी छत उंच ठेवून आसन खुर्चीसारखे सरळ केले, की पाय पुढे पसरावे लागत नाहीत आणि त्याच जागेत माणूस मोकळा बसतो, हे त्यामागील साधे गणित होते. याउलट, बाहेरून भारदस्त दिसणाऱ्या काही गाड्यांत आसन उंचावर असते आणि सनरूफच्या चौकटीमुळे छत आणखी खाली येते. म्हणून बाहेरील आकारावरून आतील जागेचा अंदाज बांधू नये.

या विचाराला कराचीही बाजू आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलवरील 1200 सीसी किंवा डिझेलवरील 1500 सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर तो 40 टक्के आहे. चार मीटरच्या आत उंच चालक नीट बसत असेल, तर मोठ्या गाडीचा सोस महागात पडतो. गाडी फर्मच्या नावावर घेतली की जीएसटीचे क्रेडिट मिळते, ही समजूतही सामान्य व्यापाऱ्याच्या बाबतीत चुकीची आहे. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावर, गाड्यांची विक्री किंवा प्रवासी वाहतूक यांसारखे मोजके व्यवसाय वगळता, ते मिळत नाही.

शोरूममध्ये गेल्यावर सर्वप्रथम उंच चालकानेच, नेहमीची पादत्राणे घालून, बसून पाहावे. आसन सर्वांत खाली आणि आवश्यक तेवढे मागे घ्यावे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज पोहोचावे आणि डोक्यावर चार बोटे तरी जागा उरावी. आतील आरशामुळे समोरचा रस्ता झाकला जाऊ नये. आसनाची उंची बदलण्याची सोय आणि मागे-पुढे सरकणारे स्टिअरिंग पुष्कळदा वरच्या श्रेणीतच मिळते. सनरूफपेक्षा या दोन सोयींसाठी मोजलेले पैसे अधिक सत्कारणी लागतात. त्यानंतर त्याच स्थितीतील आसनामागे घरातील वृद्धांना बसवून पाहावे. शोरूमभोवतीची एक फेरी पुरेशी नसते. अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावरच कंबर आणि गुडघे खरे उत्तर देतात. सहकुटुंब कुंथलगिरीच्या दर्शनाला जाताना हीच गाडी असणार, हे ध्यानात ठेवावे.

जैन कुटुंबाने आणखी एक चौकशी आवर्जून करावी. वरच्या श्रेणीत स्टिअरिंगचे किंवा आसनाचे आवरण कधी कधी चामड्याचे असते. ते कापडी आहे, कृत्रिम आहे की अस्सल चामड्याचे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

जुनी गाडी देतानाही सावधगिरी हवी. फॉर्म 29 व 30 भरून नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री करावी. तोपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येऊ शकते. विम्यातील ‘नो क्लेम बोनस’ नव्या गाडीच्या विम्यावर घेता येतो आणि तो स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्क्यांपर्यंत सूट देतो. तो मागण्यास विसरू नये.

कापडाच्या पेढीवर गिऱ्हाइकाला वीतभर कापड कमी पडले, तर व्यापाऱ्याला ते लाजिरवाणे वाटते. मग जो मुलगा आई-वडिलांना रात्री-अपरात्री दवाखान्यात नेतो, त्याचे माप न घेताच लाखोंची गाडी दारात आणणे कसे शोभेल?