धरण भरले, तरी नळ कोरडा का? फोनवरच्या वादात निसटणारा प्रश्न

पावसाळा सरत आला की औरंगपुऱ्यातल्या फोनांवर एकाच प्रकारचे छायाचित्र फिरू लागते. पैठणच्या नाथसागराचे उघडलेले दरवाजे, फेसाळ पाणी आणि वर ठळक अक्षरांत आकडा : जायकवाडी ९८ टक्के. त्याखाली पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मग आमच्या गल्लीत पाणी का नाही?’ पुढे कुणी महापालिकेला बोल लावतो, कुणी आधीच्या सरकारला, कुणी आताच्या. कुणी नाशिक-नगरवाल्यांचे नाव काढतो. एखादे निवृत्त अभियंते पंपांबद्दल चार ओळी लिहितात, त्या कुणी वाचत नाही. रात्री अकराला कुणीतरी शुभरात्रीचे फूल टाकतो आणि वाद दुसऱ्या दिवसावर जातो.

पूर्वी हाच वाद जिल्हा परिषदेसमोरच्या चहावर किंवा पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर व्हायचा. आता तो खिशात आला आहे. त्याला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून सोडून देता येणार नाही. पाण्याचा दिवस कधी, यावर या शहरातल्या घरांची सुट्टी, धुणे, पाहुणे आणि टँकरचा खर्च ठरतो. वाद योग्यच आहे. पण ज्या आकड्यावर तो उभा आहे, तो आकडा नळाच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

टक्का नेमका कशाचा?

जायकवाडीची एकूण साठवणक्षमता सुमारे १०२ टीएमसी, म्हणजे १०२ अब्ज घनफूट आहे. त्यातले सुमारे २६ टीएमसी हा मृतसाठा. तो कालव्याच्या पातळीच्या खाली असल्यामुळे नेहमीच्या वाटेने बाहेर येत नाही. उरलेला ७६.६५ टीएमसी हा उपयुक्त साठा. वृत्तवाहिन्यांच्या पट्टीवर सरकणारा टक्का या उपयुक्त साठ्याचा असतो.

त्यामुळे ‘शून्य टक्के’ असे जाहीर झाले, तरी धरणात २६ टीएमसीपर्यंत पाणी असू शकते. २०१६ च्या उन्हाळ्यात साठा मृत पातळीत गेला होता. अशा वेळी एक जण ‘धरण आटले’ म्हणतो आणि दुसरा त्याच दिवशीचे पाण्याचे छायाचित्र टाकून ‘हे काय मग?’ विचारतो. दोघेही खरेच बोलत असतात. एक टक्का सांगतो, दुसरा पाणी दाखवतो. शब्द एकच, मोजमापे दोन. फोनवरचे निम्मे वाद इथेच फसतात.

एक टक्का किती दिवसांचा?

हा हिशेब फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर होतो. शहराला दिवसाला २० कोटी लिटर पाणी लागते असे धरू. उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे २,१७,१०० कोटी लिटर. त्याचा एक टक्का २,१७१ कोटी लिटर. त्याला २० कोटींनी भागले की उत्तर येते १०८ दिवस.

म्हणजे जायकवाडीचा एकच टक्का हा शहराचा साडेतीन महिन्यांचा घोट आहे. वर्षभराची गरज जेमतेम अडीच टीएमसीच्या वर जाते. धरण ९८ टक्के आहे की ९२, याने औरंगपुऱ्यातल्या नळाला काडीचाही फरक पडत नाही. ते ३५ टक्के असले तरी पडत नाही.

याच हिशेबात आणखी एक गैरसमज निकाली निघतो. ‘एवढे मोठे शहर पाणी पिते, म्हणून धरण आटते,’ असे पैठण तालुक्यातले शेतकरी ऐकवतात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण गणित वेगळे आहे. जायकवाडी उथळ आणि पसरट आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा पाणपसारा साधारण ३५० चौरस किलोमीटर होतो. एवढ्या पृष्ठभागावरून नुसता एक मिलिमीटर थर उडाला, तरी ३५ कोटी लिटर पाणी हवेत जाते. शहराच्या दिवसाच्या गरजेपेक्षा हे जास्त झाले. मराठवाड्याच्या उन्हात एका दिवसात एकच मिलिमीटर उडाला, तर ते नशीबच म्हणायचे.

धरणाच्या पातळीला मात्र महत्त्व आहे. ती फार खाली गेली की उपसा विहिरीपर्यंत पाणी पोहोचत नाही आणि आपत्कालीन पंप लावावे लागतात. ती वेळ दुष्काळात येते. भर पावसाळ्यात, दरवाजे उघडलेले असताना नळ कोरडा असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

मग अडते कुठे?

पैठणपासून शहरापर्यंतच्या वाटेवर. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. शहर त्याहून शंभर मीटरहून अधिक उंचीवर आहे. पाणी आपणहून येत नाही, ते ढकलावे लागते. धरणाजवळच्या पंपगृहातून फारोळ्याचे शुद्धीकरण केंद्र, तिथून नक्षत्रवाडीच्या टेकडीवरची टाकी आणि मग शहरभरातले जलकुंभ, असा हा प्रवास आहे. मध्ये वीज गेली की पंप थांबतात. वीज परत आली म्हणून पाणी लगेच येत नाही. रिकामी झालेली वाहिनी आधी भरावी लागते आणि आतली हवा काढावी लागते. तासाभराच्या बिघाडाने एखाद्या भागाचा पाण्याचा दिवस पुढे ढकलला जातो तो यामुळे.

शहर अनेक दशके दोन वाहिन्यांवर जगत आले : एक ७०० मिलिमीटर व्यासाची, दुसरी १४०० मिलिमीटरची. दोन्हींची कागदावरची क्षमता मिळून दिवसाला दीडशे दशलक्ष लिटरच्या आसपास, म्हणजे १५ कोटी लिटर. त्यातून जुन्या वाहिन्यांची गळती आणि पंपांचा थकवा वजा करायचा. धरणात साठा कितीही असो, दिवसाला यापेक्षा जास्त पाणी शहरात शिरूच शकत नव्हते. पिंप भरलेले असले, तरी घागर नळीच्या वेगानेच भरते.

इथे शाळेतले गणित कामाला येते. पाइपचा व्यास दुप्पट झाला की त्याचे तोंड चौपट होते. १४०० ची वाहिनी ७०० च्या दुप्पट जाड, पण तिच्या तोंडात ७०० च्या चार वाहिन्या बसतात. नव्या योजनेतली वाहिनी २५०० मिलिमीटरची आहे. तिचे तोंड दोन्ही जुन्या वाहिन्यांच्या एकत्रित तोंडाच्या अडीच पट आहे. ‘एका पाइपने काय होणार?’ असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. हंगामी दिलासा म्हणून टाकलेल्या ९०० मिलिमीटरच्या वाहिनीकडून फार मोठी अपेक्षा का धरता येत नाही, तेही याच गणितातून कळते.

मोटारींचा वाद मात्र गल्लीतला आहे आणि तो सर्वांत कडवट होतो. नळाला थेट मोटार लावली की एका घराची टाकी लवकर भरते, पण वाहिनीतला दाब पडतो आणि टोकाच्या घराला फक्त हवेचा आवाज ऐकू येतो. मग तोही मोटार घेतो. शेवटी सगळ्यांकडे मोटारी होतात आणि पाणी तेवढेच राहते. याला आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. दाब पडलेल्या किंवा रिकाम्या वाहिनीत आजूबाजूचे सांडपाणी फुटक्या सांध्यांतून आत ओढले जाते. पाणी आल्यावर पहिली दहा मिनिटे ते गढूळ, वासाचे का असते, याचे कारण अनेकदा हेच. आठवड्यातून एकदा येणारे पाणी नुसते कमी नसते, ते रोजच्या पाण्याइतके सुरक्षितही नसते.

हाच टक्का जिथे खरेच निर्णायक ठरतो

जायकवाडीचा टक्का निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. तो दुसऱ्या एका वादात अत्यंत महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्यातल्या समन्यायी वाटपाच्या तरतुदीवरून प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही, तर नाशिक आणि नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे, असा तो निकष. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही कायद्यातली ही तरतूद कायम ठेवली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तो याच आधारावर.

या लढाईत ६४ आणि ६५ मधला फरक हा कालव्याखालच्या शेतातल्या उभ्या पिकाचा प्रश्न असतो. नळासाठी एक टक्का काहीच नाही, आणि इथे एका टक्क्यावर दोन विभाग न्यायालयात उभे राहतात. आकडा तोच. तो कोणत्या प्रश्नासाठी वापरला जातो, यावर त्याचे वजन ठरते. ‘नाशिकने पाणी अडवले म्हणून आमचा नळ कोरडा’ हे विधान शहरातल्या फोनवर सहज खपते, पण त्यात शेतकऱ्याचे भांडण शहरवासीयाने उसने घेतलेले असते.

कृत्रिम पावसाचेही असेच झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये इथूनच विमान उडत होते, विभागीय आयुक्तालयावर रडार बसवलेले होते आणि त्याच महिन्यात जायकवाडी झपाट्याने भरत होते. दोन बातम्या शेजारी ठेवून अनेकांनी निष्कर्ष काढला. मराठवाडा तेव्हा कोरडाच होता. धरण भरले ते नाशिकच्या घाटमाथ्यावरच्या पावसाने, गोदावरीच्या पुराने. ढगांत बीजारोपण केल्याने पाऊस वाढतो का, हा प्रश्न असा एका धरणाकडे बघून सुटत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात शेकडो ढग निवडून, काहींत बीजारोपण करून आणि काही तसेच सोडून तुलना केली. तिथे योग्य ढगांच्या बाबतीत सुमारे १८ टक्के वाढ आढळली. चमत्कार नाही, थोतांडही नाही. अर्थात, १८ टक्के वाढ व्हायलाही आधी आकाशात ढग लागतो.

आणि काही वाद आकड्यांनी सुटणारेच नसतात. २०१६ च्या दुष्काळात इथल्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यावरून गदारोळ झाला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली. कारखान्यांचे पाणी तोडून शहराची तहान किती भागते, हा हिशेबाचा प्रश्न होता. लोक तहानलेले असताना ते पाणी तिकडे जावे का, हा नव्हता. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर देऊन ‘आकडे बघा’ म्हणणारे शहाणे तेव्हा पुष्कळ होते.

चुकीचा प्रश्न कुणाच्या सोयीचा?

धरणाचे छायाचित्र चांगले येते. दरवाजे आहेत, फेस आहे, वरून ड्रोन फिरवता येतो. जमिनीखालच्या गंजलेल्या वाहिनीचे काय दाखवणार? म्हणून वाहिन्या धरण दाखवतात, फोन धरण पुढे ढकलतात आणि राजकीय पक्षांचे काम सोपे होते. भरलेल्या धरणाचे श्रेय घेता येते आणि रिकाम्याचा दोष निसर्गावर टाकता येतो.

वाहिनीचा हिशेब मात्र सालासकट असतो. समांतर जलवाहिनीचा खासगी कंपनीशी केलेला करार महापालिकेने २०१६ मध्ये रद्द केला. नवी १,६८० कोटींची योजना २०१९ मध्ये मंजूर झाली, तिचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले आणि खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. मंजुरी एका सरकारची, भूमिपूजन दुसऱ्याचे. मे २०२२ मध्ये औरंगपुऱ्याला लागूनच असलेल्या पैठण गेटपासून महापालिकेवर भाजपचा जलआक्रोश मोर्चा निघाला. त्याच सुमारास पाणीपट्टी ४,०५० वरून २,०२५ रुपये करण्यात आली. पट्टी अर्धी झाल्याने पाइप जाड होत नाही, हे कुणी बोलले नाही. काम पूर्ण होण्याच्या तारखा त्यानंतरही वारंवार हलल्या. एप्रिल २०२० पासून अनेक वर्षे महापालिकेत निवडून आलेले सभागृहच नव्हते, त्यामुळे नगरसेवकाला दारात अडवून विचारण्याची जुनी सोयही राहिली नव्हती. उरला तो फोन.

त्या फोनवर धरणाच्या टक्क्याऐवजी दुसरे आकडे फिरायला हवेत. आज नक्षत्रवाडीत किती दशलक्ष लिटर पोहोचले? त्यातले कोणत्या जलकुंभात किती उतरले? मागच्या पाण्याच्या दिवशी या गल्लीत किती मिनिटे पाणी होते आणि टोकाच्या घरी किती? शेवटचा आकडा तर कुणाकडे मागायचीही गरज नाही. गल्लीतल्या दहा घरांनी घड्याळ लावून टिपला, की महिन्याभरात असा कागद तयार होतो ज्याला ‘धरण भरलेले आहे’ हे उत्तर देता येत नाही.

२५०० च्या वाहिनीने पाणी नक्षत्रवाडीला मुबलक आणले, तरी तिथून पुढे गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या जुन्या बोळांत ते पूर्ण दाबाने सोडावे लागेल. अनेक वर्षे आठवड्यातून काही तासच दाब सोसलेले सांधे तेव्हा कुठे कुठे फुटतील, हा पुढचा वाद असेल.