शांघायचा जमीनदार आणि त्याचे दातृत्व

बगदादमध्ये १८५१ च्या सुमारास जन्मलेला, मुंबईत वाढलेला आणि शांघायमध्ये कुबेर झालेला सायलस हार्दून १९३१ साली मरण पावला, तेव्हा चीनमधील सर्वांत धनाढ्य परकीयांत त्याची गणना होत होती. ससून घराण्याच्या पेढीत गोदामाची राखण आणि भाडेवसुली येथून त्याने आरंभ केला. दरिद्री स्थलांतरिताचा धनकुबेर झाला, ही कथा भांडवलशाहीच्या भाटांना नेहमीच प्रिय असते. डाव्या कार्यकर्त्याला ती तितकीच अप्रिय असते आणि तो हार्दूनच्या लोभावर बोट ठेवून मोकळा होतो. दोघांच्याही हातून मूळ प्रश्न निसटतो.

१८४२ च्या नानकिंग तहाने शांघाय बंदर परकीयांना खुले झाले. पुढे ताइपिंग बंडाच्या धुमश्चक्रीत लक्षावधी चिनी निर्वासित परकीय वसाहतीच्या आश्रयाला आले आणि दलदलीच्या जमिनीला सोन्याचा भाव चढला. १८८३ ते १८८५ च्या चीन-फ्रान्स युद्धात घबराटीने भाव कोसळले, तेव्हा इतर विकत होते आणि हार्दून विकत घेत होता, असे सांगतात. त्याचे धाडस मान्य केले पाहिजे. परंतु नानकिंग रोडवरील त्याच्या भूखंडांची किंमत पुढील चाळीस वर्षांत वाढली, ती या धाडसामुळे नव्हे. बंदरात राबणारे हमाल, सूतगिरण्यांतील स्त्री-पुरुष, दाटीवाटीच्या गल्ल्यांत भाड्याने राहणारी कुटुंबे यांनी शहर उभे केले. भाव त्या शहराला आला. रिकार्डोने ज्याचे विवेचन केले आणि मिलने ज्याला अनर्जित वाढ म्हटले, ती हीच.

हार्दून नगरपिताही होता. फ्रेंच वसाहत आणि आंतरराष्ट्रीय वसाहत या दोन्ही ठिकाणच्या नगरमंडळांवर तो बसला. आंतरराष्ट्रीय वसाहतीत मताधिकार होता तो मालमत्ता बाळगणाऱ्या वा भरघोस भाडे भरणाऱ्या परकीय करदात्यांना. रस्ता, दिवे, पोलीस यांच्यावर खर्च कोठे व्हावा हे ठरविणारे आणि त्या खर्चाने ज्यांच्या जमिनीचा भाव वाढे ते, एकाच वर्गातले. (हितसंबंधांचा संघर्ष हा शब्दप्रयोग येथे फारच सौम्य ठरेल, संघर्ष होताच कुठे?) वसाहतीत बहुसंख्य असलेल्या, कर भरणाऱ्या चिनी रहिवाशांचे प्रतिनिधी नगरमंडळात आले ते १९२८ साली. त्याआधी ३० मे १९२५ रोजी, जपानी मालकीच्या सूतगिरणीतील एका कामगाराच्या हत्येतून पेटलेल्या निदर्शनांवर वसाहतीच्या पोलिसांनी गोळीबार केला, तोही याच नानकिंग रोडवर.

त्याचे दातृत्व खोटे नव्हते. अर्धचिनी पत्नी लुओ च्यालिंग हिच्या प्रेरणेने त्याने बौद्ध त्रिपिटक छापविले, विद्यालय काढले. अनाथ मुले दत्तक घेतली. १९२७ साली पित्याच्या नावे सिनेगॉग बांधून दिले. गोऱ्या समाजाने नाक मुरडले तरी चिनी संस्कृतीशी तो समरस झाला. मात्र जे सर्वांनी निर्माण केले, त्यातून काय परत द्यावे आणि कोणाला, हे एकट्याने ठरवावे, हा अधिकार त्याला कोणी दिला? दाता भला असल्याने या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही.

ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न चीनमध्येच झाला होता. हेन्री जॉर्जचा प्रभाव असलेल्या सन यत्-सेन यांच्या संघटनेने १९०५ सालीच भूमिहक्कांच्या समानीकरणाचा कार्यक्रम स्वीकारला. सन यांची योजना साधी होती: मालकाने स्वतःच जमिनीची किंमत जाहीर करावी, त्या किमतीवर सरकारने कर घ्यावा किंवा त्याच किमतीला जमीन विकत घ्यावी, पुढची वाढ समाजाची. किंमत कमी सांगावी तर जमीन जाण्याचे भय, जास्त सांगावी तर कराचे. परकीय वसाहतींत ही योजना कधीच पोचली नाही.

हार्दूनच्या प्रसिद्ध उद्यानाच्या जागी १९५५ साली चीन-सोव्हिएत मैत्री भवन उभे राहिले. शहरी जमीन सरकारची, असे १९८२ च्या चिनी राज्यघटनेने सांगितले. पण १९८८ साली जमीनवापराचे हक्क विकण्यास मुभा मिळाली आणि स्थानिक सरकारे स्वतःच भूखंडांची व्यापारी बनली. त्यांच्या तिजोरीचा मोठा भार या विक्रीवर पडला. २०२१ पासून बांधकाम कंपन्या कोसळू लागल्या तेव्हा तिजोऱ्याही हादरल्या. त्या तेजीच्या काळात शांघायच्या इमारती ज्यांनी बांधल्या, त्या खेड्यांतून आलेल्या मजुरांपैकी बहुतेकांकडे शहराचे 'हुकोउ', म्हणजे अधिकृत रहिवासनोंद, नव्हते. आणि त्यांच्या मुलांना विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेसाठी सामान्यतः गावीच परतावे लागे.