चीनला थेट विमान सुरू झालं, मग टिकटॉक का नाही?

२२ ऑगस्ट २०२५ ला टिकटॉकची वेबसाइट भारतात काही जणांच्या मोबाईलवर अचानक उघडली. घाटनांदूर असो की घाटकोपर, ‘टिकटॉक परत आलं’ हा एकच फॉरवर्ड. अ‍ॅप मात्र प्ले स्टोअरवर नव्हतंच, आणि बंदी उठवण्याचा कोणताही आदेश काढलेला नाही, असं सरकारकडून लगेच सांगण्यात आलं.

तरी प्रश्न रास्त आहे. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले आणि २९ जूनला ५९ अ‍ॅप्स बंद झाली. सप्टेंबरमध्ये आणखी ११८ गेली, त्यात पब्जीही होतं. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेवरच्या गस्तीबद्दल दोन्ही देशांचं जमलं. २०२५ मध्ये कैलास मानसरोवर यात्रा, चिनी पर्यटकांना व्हिसा, थेट विमानं असं एकेक सुरू झालं. मग अ‍ॅप्सच कशी मागे राहिली?

याचं उत्तर बंदीच्या कागदात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेही काळी यादी केली होती. शत्रूला मदत करणाऱ्या, तटस्थ देशांतल्या कंपन्यांची नावं त्यात होती. १९४१ ला सुरू झालेली ती यादी युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये, जाहीरपणे मागे घेतली. यादीचं कारणच युद्ध होतं. ते संपलं, तरी यादी जायला जवळपास वर्ष लागलं, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे युद्ध जाहीर झालंच नव्हतं. २९ जूनच्या सरकारी निवेदनात ना गलवानचं नाव होतं ना चीनचं. आधार होता आयटी कायद्याचं कलम ६९अ, आणि कारण दिलं होतं वापरकर्त्यांचा डेटा देशाबाहेरच्या सर्व्हरवर जातो, त्यातून देशाच्या सुरक्षेला धोका आहे, हे. आता सीमेवर शांतता झाली म्हणून सर्व्हर थोडाच हलतो? कागदावरचं कारण जिथल्या तिथे आहे.

बरं, २००९ च्या नियमांनुसार अशा आदेशांची तपासणी करणारी समिती असते. तिने दोन महिन्यांतून एकदा तरी बसायचं असतं. पण ती बघते काय, तर आदेश कायद्याला धरून दिला होता का. ‘आता गरज उरली का?’ हा प्रश्न तिच्या कामात लिहिलेला नाही. शिवाय हे सगळं गोपनीय. म्हणजे यादीत टाकायला एक आदेश पुरतो, पण तणाव निवळला म्हणून आपोआप बाहेर काढणारी वाटच नाही. माझ्या मते खरी उणीव ही आहे. मुदत न लिहिलेली बंदी उठवायची तर कुणालातरी पुढे होऊन सही करावी लागते, आणि चीनच्या बाबतीत ती सही कोणत्याही सरकारला जड जाणार.

म्हणून जे परत आलं ते मागच्या दाराने. पब्जीच्या जागी कोरियाच्या क्राफ्टनने २०२१ मध्ये बीजीएमआय आणलं. तेही जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेलं आणि मे २०२३ मध्ये आधी तीन महिन्यांच्या चाचणीवर परतलं. शीइन फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्सच्या हातून आलं, डेटा भारतातच ठेवायच्या अटीवर. दोन्हीकडे अ‍ॅप नवीन आणि मालकाचा किंवा डेटाचा प्रश्न आधी सोडवलेला. (विवो, ओप्पोचे फोन या सगळ्या काळात दुकानात बिनधास्त विकले जात होते, हेही लक्षात घ्या.)

टिकटॉकला यायचं असेल तर बहुधा याच वाटेने यावं लागेल. तुमचे २०२० चे व्हिडिओ, फॉलोअर्स त्यात मिळतील याची खात्री नाही.

तोपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ‘टिकटॉक चालू झालं, ही फाइल टाका’ असं आलं तर ती एपीके फाइल उघडू नका. २०२० मध्ये बंदीनंतर लगेच ‘टिकटॉक प्रो’ नावाचं बनावट अ‍ॅप असंच फिरलं होतं. आधी प्ले स्टोअरवर बघा आणि पीआयबीच्या साइटवर आयटी मंत्रालयाचं निवेदन आहे का ते शोधा.