घरचं गॅरेज : रंगाआधीची आंघोळ

जुनी गाडी नीट करायची ठरली, की पुष्कळजण सगळ्यात आधी रंगाचा डबा आणतात. बॉनेट उघडून आत काळा स्प्रे मारला, की दहा मिनिटांत इंजिनचा कप्पा नव्यासारखा दिसतो. पुढच्या उन्हाळ्यात तोच रंग पापडासारखा सुटतो. कारण तो पत्र्यावर बसलेलाच नसतो. बसलेला असतो वर्षानुवर्षांच्या ऑइलच्या थरावर.

आमच्याकडे हा विषय निघाला भाच्यामुळे. त्याच्या आजोबांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, नंबर लावून वाट पाहून घेतलेली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर वडोदऱ्यात शिरला, तेव्हा ती चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभी होती. ताई म्हणाली, "आता भंगारात द्या. उद्या रस्त्यात काही तुटलं तर माझं पोर आत असणार." भाचा माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, आतून रंग मारून टाकू, मग आई काही बोलणार नाही."

मी त्याला सांगितलं, आईचा प्रश्न रंगाचा नाही, पत्र्याचा आहे. या गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही. सगळा भार बॉडीच उचलते. स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे आधार जिथे जखडलेले असतात, तिथला पत्रा कुजला असेल तर रंग फक्त ते लपवेल. म्हणून आधी धुवायचं, मग बघायचं, आणि मग रंगाचं बोलायचं.

काम इंजिन पूर्ण थंड असताना करा. कशालाही हात लावण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. कुठली वायर, कुठला पाइप कुठे जातो, हे महिन्याभराने कुणालाच आठवत नाही. सोडवलेल्या प्रत्येक वायरला मास्किंग टेपची चिठ्ठी लावा. बॅटरीची अर्थची वायर आधी काढा, मग दुसरी, मग बॅटरी बाहेर. कार्ब्युरेटरचं तोंड, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो आणि फ्यूज प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधा. इंजिन बाहेर काढता आलं तर उत्तमच. नाहीतर हात पोचेल तेवढंच प्रामाणिकपणे करा.

जाड चिखल आणि ग्रीस लाकडी पट्टीने खरवडा. उरलेल्या थरावर डिग्रीझर लावून थोडा वेळ मुरू द्या आणि जुन्या दातांच्या ब्रशने सांधे घासा. पेट्रोल चुकूनही वापरू नका; त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते. खाली भुसा पसरा, म्हणजे तेलकट घाण गटारात जाणार नाही. मग साध्या नळीने हलक्या धारेचं पाणी. सर्व्हिस स्टेशनचा जोरदार फवारा वायरिंगच्या जोडांत पाणी घुसवतो. बॅटरीच्या ट्रेवर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता. फेस आला तर ॲसिड शिल्लक आहे. फेस थांबेपर्यंत ओतत राहा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

पत्रा स्वच्छ झाला का, हे डोळ्यांनी कळत नाही. पाणी टाकून बघा. ते एकसारखं पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन जमलं तर तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. हे झाल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. घाई केली तर तेल पेपरच्या ओरखड्यांत जातं, आणि रंगाला नंतर माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

आता गंज. फुगलेला रंग तारेच्या ब्रशने काढा आणि संशय येईल तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. आमच्या पद्मिनीत बॅटरीच्या ट्रेखाली टोक आरपार गेलं, रुपयाएवढं भोक. भाच्याने पुट्टीचा डबा पुढे केला. पुट्टी खळगा भरायला असते, भोक बुजवायला नाही. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. स्टिअरिंगच्या आधाराशी मात्र पत्रा टणक निघाला. ताईला बोलावलं, तिने स्वतः टोचून पाहिलं, ओळखीच्या मेकॅनिकलाही दाखवायला लावलं, आणि मगच म्हणाली, "बरं, लावा प्रायमर."

त्याआधी शेवटची तयारी. १८० नंबरचा पेपर, मग ३२०. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून जुना रंग ओला करून वॉटर पेपरने घासा. धूळ उडत नाही. उघडा पत्रा लगेच पूर्ण सुकवा, कारण ओला पत्रा त्याच दिवशी पुन्हा गंज धरतो. शेवटी थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि त्यानंतर उघडा हात लावू नका. बोटांचा तेलकटपणाही पुरतो. एपॉक्सी प्रायमर शक्यतो त्याच दिवशी मारा. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे काम काढूच नका. हार्डनर मिसळून मारायचे रंग घरी फवारू नयेत. त्यांची वाफ फुप्फुसांना घातक असते आणि तिथे कापडी मास्क कामाचा नाही. ते काम स्प्रे बूथ असलेल्या पेंटरकडे द्या.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत चेसिस नंबर इंजिनच्या कप्प्यातच कोरलेला असतो. त्यावर ग्राइंडर फिरवू नका, जाड रंगही चढवू नका. आधी फोटो काढा आणि टेप लावा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्या तपासणीत तो नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहतात. आजोबांची गाडी आजोबांचीच आहे, हे कागदावर सिद्ध करणारे तेवढेच आकडे असतात. ते जपा; रंग काय, पुन्हाही मारता येतो.