सिंहासनावाचून दरबार

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा त्याच्या रूपाकडे जाते. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’साठी (१६१६) ओवी स्वीकारली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग स्वीकारला, आणि परदेशातून आलेली श्रद्धा एतद्देशीय वेषात वावरू लागली, एवढ्यावर विवेचन थांबते. या वेषांतराहून महत्त्वाचा प्रश्न असा, की ज्याला ‘राजा’ म्हणून वंदावयाचे तो राजा कोणत्या प्रकारचा, आणि त्याचा सन्मान कशाने होतो?

शुभवर्तमानांतील राजा गाढवावर बसून यरुशलेमेत येतो, शिष्यांचे पाय धुतो, आणि सैनिक उपहासाने त्याच्या मस्तकी काट्यांचा मुकुट ठेवतात. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर हा राजा भुकेल्यांशी, उघड्यांशी आणि बंदिवानांशी स्वतःला एकरूप मानतो. अशा राजाचा नजराणा शेजाऱ्याच्याच हाती द्यावा लागतो.

टिळकांना हे मर्म उमगले होते. १९११ मध्ये दिल्लीत साम्राज्याचा दरबार भरला. त्यानंतर सहा वर्षांनी मिशनचे वेतन सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांनी त्यात एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. शब्द राजसत्तेचाच, परंतु मानपानाची उतरंड त्यातून गळून पडली. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि हा प्रयोग फार काळ टिकला नाही. तरी शब्दाचा हा अर्थपालट वाङ्मयीन दृष्ट्याही मोलाचा आहे.

पंडिता रमाबाईंनी तेच अन्य मार्गाने साधले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे ‘मुक्ति’ त्यातूनच वाढले. पुढे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी बायबलचे भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे अशा साध्या मराठीत. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीने आपले पांडित्य बाजूस ठेवावे, हा भाषेतील विनयच होय.

मात्र यावरून केवळ गौरवगाथा रचणे योग्य नव्हे. जातीची उतरंड भारतातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत टिकून राहिली. काही ठिकाणी दलित ख्रिस्ती बांधवांसाठी दफनभूमीही वेगळी ठेवली गेली. शेजाऱ्याला दूर बसवून जेथे राजाची स्तोत्रे गाइली जातात, तेथे स्तोत्र कितीही सुरेल असो, राजाचा अवमानच होतो.

हे साहित्य छंद, अलंकार आणि परंपरा यांच्या निकषांवर अवश्य तपासावे. परंतु त्याची अखेरची कसोटी त्याच्या विषयानेच घालून दिली आहे. पंक्तीच्या टोकाला बसविलेल्या माणसाला या शब्दांनी जवळ आणले काय, हा प्रश्न समीक्षेनेही टाळू नये.